कण वितळत नाही

नाही रे, ती खुर्ची नको. पंख्याखाली बसवशील आणि तिथून मला काही दिसायचं नाही — मला इथंच बसू दे, या स्टुलावर, मुशीसमोर. धग लागली तर लागू दे. आयुष्य स्पिरिटच्या दिव्याशेजारी उभं राहण्यात गेलं माझं, राजरत्न, मला काय धगीचं सांगतोस. आणि चहा मागवू नकोस. घरी ह्यांना सांगून आलेय की दादरला भाजी घ्यायला जाते, मेथी बरी मिळाली तर बघते — आणि आले कुठे, तर लालबागला, तुझ्या गलाईच्या दुकानात. पिशवीत मेथी नाही, हा डबा आहे. उघड. उघड ना, तुझ्याच हातात दिलाय की. दोन पाटल्या, बांगड्या, एक साखळी. बघितलंस? हे सगळं वितळवायचंय. हो, सगळं. हो, विचार केलाय. तू वजन कर, कस लाव, तुझ्या धंद्याच्या नियमात जे बसतं ते कर — फक्त आकडा मला सांगू नकोस. मी आकड्यासाठी आले नाही.

कुणाच्या म्हणून काय विचारतोस? नूपुरच्या. आपल्या नूपुरच्या. तुझ्या वर्गातल्या. म्हणून तर तुझ्याकडे आले. आधी दादरला गेले होते, ज्यांनी या घडवल्या त्यांच्याकडे — जिना चढून वर गेले, ते म्हातारे काका अजून बसतात गादीवर, त्यांनी झाकण उघडलं, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, लेकीच्या ना या, मोडायच्या? — मोडायच्या म्हणाले. मी डबा बंद केला आणि खाली उतरले. चूक नाही त्यांची, तोच शब्द आहे व्यवहारातला. पण माझ्याच्याने तिथं उभं राहवेना. मग फुटपाथवर तुझी आठवण झाली. म्हटलं, तो काही विचारणार नाही. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या, मुलं नाही — इतकी वर्षं झाली तरी ती सवय जात नाही, दोन्हीकडची. बघ, तूही उभाच आहेस अजून. बस. नाहीतर राहू दे, उभा राहून कर, पण सुरुवात कर.

ही मूस का रे तुझी? छोटी आहे. आणि पांढरं ते टाकणखार, मळ सुटायला. आम्ही प्रयोगशाळेत शिसं वितळवायचो, शाळेला सोनं कुठून परवडणार — लोखंडी पळीत शिशाचा तुकडा, खाली बर्नर, आणि तुम्ही सगळे माना पुढे काढून. आणि त्याच्या आधी मैदानावर नेलं होतं तुम्हाला, आठवतं? आठवतं ना. रांगा करून उभं केलं होतं, प्रत्येकाने शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, पुढच्याच्या, मागच्याच्या. तुम्ही म्हणजे कण. स्थायू धातूतले कण. मी टाळ्या वाजवणार — हळू वाजवल्या तर जागच्या जागी हलायचं, जोरात वाजवल्या तर जोरात हलायचं, पण जागा सोडायची नाही, खांदा सोडायचा नाही. आणि मग मी म्हणणार, द्रवणांक. की हात सोडायचे. पण पळायचं नाही. ते महत्त्वाचं. पळून लांब गेला तो वायू झाला. द्रवात कण लांब जात नाहीत, खेटूनच राहतात, फक्त एकमेकांच्या बाजूने सरकत राहतात, कुणाची जागा ठरलेली नाही. तुम्ही अर्थातच पळालात, पार पाणपोईपर्यंत. दोन-तीनदा करून घेतलं तेव्हा जमलं. पहिल्यांदा हात कुणाचे सुटले? कडेला उभे होते त्यांचे. खरंच असंच असतं, कडेच्या कणांना धरणारे शेजारी कमी, ते आधी सुटतात. नूपुर कडेलाच उभी होती. मीच केली होती उभी. स्वतःच्या मुलीला मधे उभं केलं की इतर आया बोलतात.

आणि मग वर्गात आल्यावर मी एक प्रश्न विचारायचे, दरवर्षी, प्रत्येक तुकडीला. धातू वितळला, तेव्हा कण वितळले का? आणि दरवर्षी सगळा वर्ग एका सुरात — हो बाई. नाही. कण वितळत नाही. कण होता तसाच असतो, तेवढाच. त्याची जागा सुटते, एवढंच. सोन्याचा कण आधीही सोन्याचाच, नंतरही सोन्याचाच. बोर्डाच्या पेपरात या एका वाक्याला गुण असायचे. पेटव तू, पेटव. मी बोलतेय म्हणून थांबू नकोस.

तुला कळलं होतं ना तेव्हा? तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर आलं असेल. तू आला होतास का भेटायला — नाही, गावी होतास, विट्याला, वडिलांचं काहीतरी होतं, बरोबर, नंतर फोन केला होतास. मीच नीट बोलले नसेन. कुणाशीच बोलले नाही. डेंग्यू झाला होता. माहीमला राहायची ना ती लग्नानंतर, तिथं आजूबाजूला बांधकामं, पाणी साचलेलं — पण त्यांना दोष देऊन काय, इथं परळलाही तेच आहे. साधा ताप म्हणाली. ऑफिसलासुद्धा गेली त्या तापात, गिरगावात त्या आर्किटेक्टकडे काम करायची, कुठला तरी नकाशा द्यायचा होता. मग अंगावर लाल ठिपके आले तेव्हा हितेंद्रने, जावयाने, उचलून दाखल केलं. प्लेटलेट उतरत गेल्या. चढवल्या, परत उतरल्या. आयसीयूत हलवायच्या वेळी सिस्टर म्हणाली, अंगावरचं सोनं काढा. साखळी निघाली, बांगड्या निघाल्या, पाटल्या निघेनात. हात सुजले होते सलाइनने. सिस्टर म्हणाली, कापायला लागतील, कटर आणते. तर नूपुर म्हणाली, कापायच्या नाहीत, आई काढेल. मग मी बेसिनवरचा साबण आणला, तिचा हात ओला केला, अंगठा आत दुमडला आणि हळू — लहानपणी काचेच्या बांगड्या चढवायचे ना तिला संक्रांतीला, तसंच, फक्त उलट्या बाजूने. हाडावर सालटं निघालं तिच्या. हसली. म्हणाली, "घरी गेल्यावर तूच घाल हं परत. मला नाही जमायचं." मी हो म्हटलं. मग आत नेलं, नळी घातली. त्यानंतर बोलणं नाही. एवढंच झालं. लोक विचारतात, काय म्हणाली शेवटी, काही सांगितलं का मुलीबद्दल, नवऱ्याबद्दल. काय सांगणार. तिला कुठे माहीत होतं ते शेवटचं आहे.

लाल झालं बघ. तू गॉगल लाव रे, तसाच काय वाकतोस. लाल झालं, पण आकार आहे अजून. पाटली पाटलीसारखी दिसतेय. आता आत काय चाललंय, सांग. … बरोबर. जागेवरच थरथरताहेत, आधीपेक्षा जोरात. धातू किंचित फुगलाही असेल, आपल्याला दिसत नाही. पण रांग मोडलेली नाही. आणि आता तू इतकी आग देतोयस ती कुठे जाते? तापमान वाढतं का? शुद्ध सोनं असतं तर वितळायला लागल्यापासून संपेपर्यंत काटा जागचा हलला नसता. हे बावीस कॅरेटचं, तांबं आहे त्यात, म्हणून थोडा इकडेतिकडे होईल. पण बहुतेक सगळी उष्णता जाते ती नुसती कणांची धरलेली जागा सोडवण्यात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढं पेटवलंय आणि तापत कसं नाही. त्याला म्हणतात — हां, अप्रकट उष्मा. लक्षात आहे तुझ्या. शाबास.

तेव्हा सगळे म्हणायचे, बाई किती खंबीर आहेत. खरंच म्हणायचे. मी रडलेच नाही ना चारचौघांत. हे कोसळले, वसंतराव, एवढे रेल्वेत कारकुनी करून निर्ढावलेले, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हितेंद्रला जेवण जाईना. मग कुणीतरी उभं राहायला नको? नूपुरची मनवा तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. तिला भूक लागायचीच. दूध गरम करायचं, गार करायचं, गोष्ट सांगायची, शी धुवायची — मी करत राहिले. हितेंद्र ऑफिसला जाताना तिला आमच्याकडे परळला सोडायचा, रात्री न्यायचा. चांगला मुलगा आहे. नूपुरचं माहेरचं सोनं त्याने स्वतःहून आणून दिलं, या डब्यात, गुलाबी कागदात गुंडाळून. म्हणाला, आई, हे तुमच्याकडे असू द्या, मला कपाट उघडवत नाही. मंगळसूत्र ठेवलं त्याने. ते मी मागितलं नाही, मागणारही नाही.

दुसरं लग्न कर असं मीच म्हटलं त्याला. हो, मीच. तो म्हणाला, आई, तुम्ही काय बोलताय तुम्हाला कळतंय का. कळतंय म्हटलं. अरे, मी आजी आहे, आई कशी होणार? माझे गुडघे गेलेत, ह्यांना ऐकू येत नाही, पोर तापाने फणफणली की मी आधी अंगावर ठिपके शोधते — ताप म्हटला की शोधते, कुणाचाही असो. मनवाला बालवाडीत घातलं होतं, तिथं एक शिक्षिका, श्रेया नाव, गिरगावची. मी न्यायला जायचे तेव्हा बघायचे, मनवा तिच्या ओढणीचं टोक धरून उभी. सुटायचं नाही. आणि ही बाकीच्या मुलांचं सगळं करायची, डबे बंद करायची, बूट घालायची, पण ते टोक सोडवून घ्यायची नाही. ओढणी खांद्यावरून सरकायची तरी नाही. मी बघून ठेवली तिला. तिचंही लग्नाचं वय उलटत चाललं होतं, घरी आई एकटी, जमत नव्हतं कुठे. मी तिच्या घरी गेले, बोलले. हितेंद्रला भेटायला लावलं. रजिस्टर लग्न केलं, साक्षीदाराची सही माझी आहे. लोक तेव्हाही म्हणाले, केवढं मोठं मन. मलाही वाटलं, की असेल बाबा मोठं. केलं खरं मी सगळं नीट.

ती वाईट असती ना, राजरत्न, तर बरं झालं असतं. आता हे तुला मी का सांगतेय — सांगायचं नव्हतं खरं. ती चांगली आहे. नूपुरचा फोटो तिने हलवू दिला नाही, हितेंद्र आत नेऊन ठेवणार होता, ही म्हणाली, हॉलमध्येच राहू दे, मनवाला दिसायला हवा. रोज सकाळी दोघी त्या फोटोला शुभ प्रभात म्हणतात. आणि मनवा तिला आई म्हणते. कुणी शिकवलं नाही, एकदा भांडणात म्हणाली, दूध नको होतं तिला, ओरडली, आई, नको म्हटलं ना — आणि मग तेच राहिलं. ती आई. आणि नूपुर? नूपुरला म्हणते, फोटोतली आई. माझ्यासमोर म्हणाली, आजी, फोटोतली आई तुझी कोण? मी म्हटलं, माझी मुलगी. तर म्हणाली, मग ती इथं का नाही राहत, तुझ्याकडेच? पोरीला काय कळतंय. बरोबरच विचारलं तिने. मी म्हटलं, चल, वरणभात थंड होतोय.

बघ, बघ — कड बसली. दिसलं? पाटलीची कड आत ढासळली. बांगड्या आधीच गेल्या, त्या बारीक ना. तू जरा बाजूला हो, तुझी सावली पडतेय. हां. … नाही, मी ठीक आहे. पाणी नको.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दर शनिवारी श्रेया मनवाला घेऊन येते आमच्याकडे, दिवसभर राहतात. तर मी हे सोनं काढून ठेवलं होतं, रिठ्याच्या पाण्यात धुवायला. मधूनमधून धुते मी. धुते, पुसते, परत ठेवते. जेवणं झाली, मी आतल्या खोलीत आडवी झाले, डोळे मिटून नुसती पडून राहते, झोप येत नाही मला दुपारची, रात्रीचीही येत नाही म्हण. बाहेर मनवाने पाटल्या-बांगड्या बघितल्या आणि श्रेयाच्या मागे लागली, घाल ना, आई, घाल ना. मला सगळं ऐकू येत होतं. श्रेया म्हणत होती, नको, त्या आजीच्या आहेत, विचारल्याशिवाय नाही घालायच्या. पोरगी ऐकतेय कसली, तिनेच चढवल्या असणार हातात. आणि मग दूध उतू जायच्या बेतात असेल म्हणून श्रेया तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. आणि तो आवाज आला. ओट्यावर भांडं सरकवताना पाटली बांगडीवर आपटते ना, तो. तुला काय माहीत असणार. लग्नाआधी वर्षभर नूपुरच्या अंगवळणी पडाव्या म्हणून मी घरात घालायला लावल्या होत्या तिला, तेव्हापासूनचा तो आवाज. स्वयंपाकघरात कोण आहे ते मला उठून बघायला लागायचं नाही कधी.

आणि मी आतून हाक मारली. झोपेत नव्हते, सांगते तुला, जागी होते. म्हटलं, "नूपुर, गॅस बारीक कर गं."

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "हो, आई."

आणि गॅस बारीक झाला. तो फरफर आवाज कमी होतो ना, तो झाला. आणि मी — मी झोपले. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. मला उठून बसायला हवं होतं, जीभ चावायला हवी होती, काहीतरी व्हायला हवं होतं मला. काही झालं नाही. बरं वाटलं. नूपुर आहे स्वयंपाकघरात, दूध बघतेय, मी झोपते. इतकं साधं. ती गेल्यापासून मी अशी झोपले नव्हते, गाढ, तोंड उघडं टाकून. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. श्रेयाने देवापाशी दिवा लावला होता. पाटल्या डब्यात, त्याच गुलाबी कागदात, घडीसुद्धा तशीच. मनवा चित्र काढत होती. माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता. आणि मग मला कळलं, मी काय केलं ते.

तिने मनवाचे खडू डबीत भरले, नेहमीसारखे. रात्री निघताना दारात चपला घालत होत्या दोघी, मनवा जिना उतरून पुढे गेली, तेव्हा ही थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, चपलेच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली, "आई, तुम्ही त्या नावाने हाक मारलीत तरी चालेल मला. मी ओ देईन."

मी दार लावून घेतलं. तोंडावर नाही लावलं, ती उतरल्यावर लावलं, पण लावलं आणि तशीच उभी राहिले कडीला हात लावून. इतकं चांगलं कशाला असावं रे माणसाने? तिला राग यायला नको? दुसरीच्या नावाने हाक मारली कुणी तर मला आला असता. मग मी तिचा राग करू शकले असते. तिने ओ दिली नसती तर — नुसतं म्हणाली असती, मी श्रेया आहे — तर मी उठून माफी मागितली असती आणि नूपुर माझ्याकडे राहिली असती, जशी होती तशी, गेलेली. आता कशी राहणार? हाक मारली की ओ येते. आज मारली, उद्या परत मारीन. मग सवय होईल. मग एके दिवशी माझ्या लक्षातही यायचं नाही, की माझी मुलगी साबण लावून हात सोडवून घेऊन आत गेली ती परत आलीच नाही. तिचं मरण विसरायला लागले मी, राजरत्न. आणि मला ते आवडलं. एक दुपारभर आवडलं मला.

तेव्हा ठरवलं, की या पाटल्या नकोत. तो आवाज नको कुणाच्याच हातात. श्रेयाला फोनवर एवढंच म्हटलं, की सोनं जुनं झालंय, वितळवून ठेवते मनवासाठी. ती म्हणाली, नका ना आई, तशाच ठेवा, मोठी झाली की तिला सांगू कुणाच्या आहेत. समजूतदारपणे म्हणाली. मी म्हटलं, बघते. आणि आज मेथीचं सांगून निघाले.

झालं का? … झालं. अगदी थेंब झालाय रे. मूस जरा तिरपी कर, मला बघू दे. केवढा चकाकतोय. यात पाटली कुठली, बांगडी कुठली, साखळी कुठली — आता कुणाला विचारशील? मुलांनाही मी सांगायचे, परत रांगेत उभे राहा म्हटलं तर उभे राहाल, रांग होईलही, पण जो जिथं होता तो तिथं परत येणार नाही. काही कमी झालं नाही ना? सांग ना. एक कणही नाही? मुशीला लागलं असेल तेवढं खरवडून घे, ते मनवाचं आहे. ओत आता. हो, लगडच कर, दुसरं काही घडवायचं नाही. तिचं तिला मोठी झाल्यावर काय हवं ते ती ठरवेल. ओत.

…

मला वाटलं होतं, बरं वाटेल. निदान मोकळं तरी. बसमध्ये बसून इथवर येईपर्यंत मी हाच विचार करत होते, की झालं की एकदा रडून घेईन, तुझ्या दुकानात, इथं कुणी ओळखत नाही मला, बाहेर मसाल्याच्या गिरण्यांचा एवढा आवाज, ऐकूही जायचं नाही कुणाला. पण काही होत नाही बघ. आतापर्यंत तो आवाज डब्यात तरी होता. झाकण उघडून, हातात घेऊन, एकावर एक आपटून ऐकता येत होता — मी ऐकायचे, धुवायच्या निमित्ताने. आता तोही नाही. मी काय केलं हे? तू थांबवलं का नाहीस मला? नाही, नाही, तुझं काही नाही, तू सांगितलं ते केलंस. माझ्याच हाताने दिलं मी.

अरे. तू कशाला रडतोस? पूस. त्या काळ्या हाताने नको, डोळ्यात जाईल काहीतरी. हा घे, रुमाल घे. धुतलेला आहे. एवढा मोठा माणूस तू, दुकान चालवतोस, आणि — बरं. बरं, रड.

किती दिवसांनी कुणीतरी तिच्यासाठी रडताना बघितलं मी. आमच्याकडे आता कुणी रडत नाही. सगळे जपून असतात एकमेकांना. हे टीव्ही बघतात, हितेंद्र हसतो मधून मधून, हसायलाच हवं त्याने. आणि तू इतक्या वर्षांनी, बाकावरची एक मुलगी म्हणून — तुझ्या काय आठवणी असतील रे तिच्या? मला माहीतच नाही. मी वर्गात शिरले की तुम्ही सगळे उभे राहायचात, तीही उभी राहायची, बाई म्हणायची मला, हात जोडून. मला दिसलेली नूपुर ती. घरातली दिसलेली. मधल्या सुट्टीतली नाही दिसली कधी. मी दाराबाहेर गेल्यावर काय करायची ती? चिडवायची का कुणाला? माझी नक्कल करायची का? करत असणार. माझ्याकडचं सगळं उलटून पालटून झालंय, राजरत्न. प्रत्येक गोष्ट इतक्यांदा काढली की त्यातली खरी किती आणि मी जोडलेली किती, तेही आता कळत नाही. नवीन काही मिळत नाही. कुठून मिळणार? ती संपली तेवढीच.

तर तू सांग. मला माहीत नसलेलं काहीतरी सांग तिचं. मोठं नको, कामाचं नको. वाईट असलं तरी चालेल, खोटं बोलली असेल, कुणाचा डबा खाल्ला असेल, मला शिव्या दिल्या असतील. मघापासून मीच बोलतेय. वर्गातही तेच करायचे मी, तास संपेपर्यंत बोलत राहायचे आणि मग म्हणायचे, कुणाला काही शंका. बोल तू. गिऱ्हाईक उभं आहे त्याला सांग, थोड्या वेळाने ये. हां. आता सांग. मी गप्प बसते.